स्वयंचलित बोटींच्या स्पर्धा आणि कोकणातले विद्यार्थी संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी पायाभूत, मग अडनिडे. स्पर्धांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून कुठलाही आकडा पक्का धरण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून बघाच.

१. रिमोटवरची बोट आणि स्वयंचलित बोट यांत फरक काय? दिसायला तर सारख्याच असतात.

रिमोटच्या बोटीत डोळे आणि डोकं काठावरच्या माणसाचं असतं. स्वयंचलित बोटीत बघणं, ठरवणं आणि मोटरी फिरवणं ही तिन्ही कामं बोटीवरच्या संगणकाने करायची असतात. काठावरच्यांकडे दोनच गोष्टी उरतात: मोहीम सुरू करणं आणि धोका दिसला तर मोटरींची वीज तोडणं. फेरी चालू असताना कोणी रिमोटला हात घातला की ती स्वयंचलित फेरी तिथेच संपली असं धरतात. लाल-हिरव्या बोयांच्या जोडीमधून जाणं, अडथळ्यांना वळसा घालणं, सांगितलेल्या खुणेच्या धक्क्याला लागणं, एखाद्या बोयाला फेरी मारून परत येणं, अशी कामं दिलेली असतात.

२. कोणत्या स्पर्धेपासून सुरुवात करावी?

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात सोयीची रोबोबोट. रोबोनेशन ही संस्था ती २००८ पासून अमेरिकेत भरवते, अलीकडे फ्लोरिडात. बोट छोटी असते आणि संघाने स्वतः बांधायची असते. त्याच संस्थेची मेरिटाइम रोबोटएक्स २०१४ मध्ये सिंगापूरला सुरू झाली. तिथे १६ फुटी वॅम-व्ही हा ठरलेला सांगाडा वापरतात, त्यामुळे खर्च आणि वाहतूक दोन्ही नव्या संघाच्या आवाक्याबाहेर जातात. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला न्योर्ड नावाची स्पर्धा होते. पैसे नसतील तर व्हीआरएक्स या आभासी स्पर्धेचं सॉफ्टवेअर फुकट आहे. गॅझेबो सिम्युलेटरमध्ये लाटा आणि वाऱ्यासकट बोट चालवता येते. आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष सिम्युलेटर आणि एक साधी बोट, दुसऱ्या वर्षी रोबोबोट.

३. बोटीचं माप आणि वजन किती ठेवायचं?

रोबोबोटच्या नियमपुस्तिकांत बोट ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच खोक्यात मावायला हवी आणि वजन १४० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ६३ किलो, चालतं. पण तेवढी जड बोट बांधू नका. २५ ते ३० किलोंची बोट दोघांना शेवाळलेल्या पायऱ्यांवरून सुखरूप उतरवता येते, विमानाने पाठवता येते आणि कमी विजेत जास्त वेळ चालते.

४. संघात किती जण हवेत? आमच्यात सगळे कॉम्प्युटरचेच आहेत.

आठ ते बारा पुरेत. पण सगळे कॉम्प्युटरचे असतील तर बोट पहिल्याच दिवशी पाणी पिते. किमान दोघं मेकॅनिकलचे, दोघं इलेक्ट्रॉनिक्सचे हवेत आणि एक जण असा हवा की ज्याच्याकडे फक्त चाचणीचं काम आहे: भरतीचं कोष्टक बघणं, परवानग्या घेणं, बॅटऱ्या चार्ज आहेत का पाहणं, प्रत्येक फेरीची नोंद ठेवणं. हे शेवटचं काम दुय्यम समजून पहिल्या वर्षाच्या मुलांवर ढकलतात, आणि मग दहा जण जेटीवर पोचतात तेव्हा खाडीत चिखल उघडा पडलेला असतो. स्पर्धेत तांत्रिक अहवाल, संकेतस्थळ आणि चित्रफीत यांनाही गुण असतात, तेव्हा नीट लिहिणारं कोणीतरी पहिल्या दिवसापासून हवं.

५. एक हुल (बोटीचं तरंगणारं धड) घ्यावी की दोन? बोट किती बुडेल हे आधी कळतं का?

दोन हुलांची, म्हणजे कॅटमरान घ्या. ती डुलते कमी, त्यामुळे कॅमेरा स्थिर राहतो, आणि दोन मोटरी लांब लांब बसल्यामुळे सुकाणूशिवाय जागच्या जागी वळते. आपल्याकडे उलांडीची, म्हणजे बाजूला लाकडी तरंग जोडलेली होडी ज्या कारणाने उलटत नाही, तेच कारण इथे आहे.

बुडण्याचा हिशोब वहीत होतो. समजा एकूण वजन ३० किलो, प्रत्येक हुल १.२ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद. दोन्ही मिळून ०.४८ चौरस मीटर. टोकं निमुळती असल्यामुळे त्याचे ८० टक्के धरा: ०.३८४. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलो प्रति घनमीटर, म्हणून ३० ÷ १०२५ ÷ ०.३८४ = ०.०७६, म्हणजे बोट साडेसात सेंटिमीटर बुडेल. पुढचा प्रत्येक किलो तिला अडीच मिलिमीटर खाली नेतो. हुलची उंची या बुडीच्या तिप्पट तरी ठेवा. साहित्य म्हणाल तर फोमच्या गाभ्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी. मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणारे कारागीर किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी आहेत. फायबरग्लासची चटई कशी बसवायची, हवेचे बुडबुडे रोलरने कसे काढायचे हे त्यांच्याकडे दोन दिवस उभं राहून शिका. थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन मात्र लावू नका, थर्माकोल विरघळतो. तिथे इपॉक्सीच लागतं.

६. मोटरी कोणत्या? टी२०० परवडत नाहीत.

ब्लू रोबोटिक्सच्या टी२०० मोटरी बहुतेक संघ वापरतात. १६ व्होल्टवर पूर्ण जोरात एक मोटर साधारण ५ किलो रेटा देते आणि २४ अँपिअर ओढते. ३० किलोंच्या बोटीला दोन पुरतात. बोट आडवी सरकवायची असेल तर चार लागतात, पण ते दुसऱ्या वर्षी.

परवडत नसतील तर १२ व्होल्टच्या बिल्ज पंपाची मोटर घेऊन तिच्या दांड्यावर छोटा पंखा बसवा. जोर बराच कमी मिळतो, तरी तळ्यात सॉफ्टवेअर तपासायला ती बोट उत्तम चालते.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. टी२०० चे बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतात, म्हणून कोरडी मोटर काही सेकंदांच्या वर फिरवायची नाही. टेबलावर तपासायची तर बादलीत बुडवून. आणि वाळू किंवा चिखल असलेल्या उथळ पाण्यात जोरात फिरवायची नाही. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळला गेला की वेग कळत नकळत कमी होतो आणि एकच मोटर जास्त वीज खाऊ लागते. दर फेरीनंतर पंखा बोटाने फिरवून बघा, अर्थात वीज तोडून.

७. बॅटरी, वायरिंग आणि किल स्विच कसं करावं?

सगळ्यात जास्त संघ तपासणीत इथे अडकतात, म्हणून सविस्तर.

मोटरींची आणि संगणकाची बॅटरी वेगळी ठेवा. एकच असेल तर मोटरींनी अचानक वीज ओढली की व्होल्टेज खाली येतं, संगणक पुन्हा सुरू होतो आणि बोट भर पाण्यात बिनडोक होते. चालण्याचा वेळ असा काढा: समजा साध्या वेगात दोन्ही मोटरी मिळून १२ अँपिअर घेतात आणि बॅटरी २० अँपिअर-तासांची आहे. तिचा ८० टक्केच वापर धरा, १६. म्हणजे सव्वा तास. समोरून प्रवाह असेल तर हा वेळ निम्म्यावरही येतो.

किल स्विच दोन हवेत: एक बोटीवर, हात सहज पोचेल असं मोठं लाल बटण, दुसरा बिनतारी, काठावरच्या हातात. दोन्हींनी मोटरींची वीज प्रत्यक्ष तुटली पाहिजे. 'सॉफ्टवेअरमधून शून्य पाठवतो' हे किल स्विच म्हणून मान्य होत नाही आणि व्हायलाही नको, कारण संगणक अडकला असेल तेव्हाच त्याची गरज पडते. रचना अशी ठेवा की कॉइलला वीज असेल तरच कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटसाठीचा रिले) जोडलेला राहील. वायर तुटली, रिसीव्हर बंद पडला, रिमोटची बॅटरी संपली, यांतलं काहीही झालं तरी मोटरी आपोआप बंद.

कॉन्टॅक्टर १०० अँपिअर डीसीचा घ्या. दोन मोटरी पूर्ण जोरात ४८ अँपिअर घेतात, तिथे गाडीचा ४० अँपिअरचा रिले टिकत नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ईएससीमधले, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधले कपॅसिटर: जोडणी होते त्या क्षणी ते प्रचंड करंट ओढतात, ठिणगी पडते आणि रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग बटण दाबलं तरी वीज तुटत नाही. यावर उपाय म्हणजे कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर, आणि दर वेळी पाण्यात जाण्याआधी चाचणी: बादलीत मोटरी फिरत असताना रिमोटच बंद करायचा आणि मोटरी एका सेकंदात थांबतात का ते बघायचं.

फ्यूज बॅटरीच्या धनाग्रापासून वीतभर अंतरात हवा. वीज परत दिल्यावर मोटरी सुरू झाल्या नाहीत तर घाबरू नका; ईएससीला आधी १५०० मायक्रोसेकंदांचा 'थांब' संकेत मिळावा लागतो, तेव्हा ती तिचे ठरावीक सूर वाजवून तयार होते.

८. डबा आयपी ६७ आहे, तरी आत पाणी कसं येतं?

डबा आयपी ६७, म्हणजे धूळ आणि पाणी आत न घेणाऱ्या दर्जाचा असतो, तुम्ही त्याला पाडलेली भोकं नसतात. वायर आत जाते तिथूनच पाणी येतं. बहुपदरी तारेतून तर ते केशाकर्षणाने तारेच्या आतूनही सरकतं, बाहेरून केबल ग्लँड (वायरीभोवती आवळायचं बूच) कितीही घट्ट आवळा. म्हणून तारेचा एक सेंटिमीटर भाग सोलून, पदर मोकळे करून इपॉक्सीत बुडवावा लागतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या आणि लावताना तिच्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना हे उजेडात धरून बघा. एका कणाने गळती होते.

सिलिकॉन सीलंट घेताना नळीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सजवळ तो वापरू नका. तो सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि तांबं खातो. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेला मागून घ्या.

कधी कधी पाणी बाहेरून येतच नाही. कोकणातल्या दमट हवेत डबा बंद केला, दिवसभर उन्हात तापला आणि मग पाण्यात गेला की आतली वाफ गार भिंतीवर जमते. त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि डबा सकाळी, शक्यतो एसी खोलीत बंद करा. डबा पांढरा घ्या. काळ्या डब्यात दुपारी जेटसनसारखा संगणक तापून स्वतःचा वेग कमी करतो, कॅमेऱ्याच्या चौकटी गळू लागतात आणि मुलं दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसतात.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर जोडण्यांवर दोन-तीन दिवसांत हिरवट पूड दिसते. ती दिसली म्हणजे आतली तारही गेली, जोडणी बदला. प्रत्येक फेरीनंतर बोट गोड्या पाण्याने धुवा, कनेक्टर वाळवून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, सर्किट बोर्डांवर कन्फॉर्मल कोटिंगचा हात मारा. नटबोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या. ३०४ ला समुद्रात ठिपके पडतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचा बोल्ट सरळ बसवला तर ॲल्युमिनियम झिजतं, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

९. चाचणी कुठे घ्यावी? परवानगी लागते का?

क्रम असा ठेवा: बादली, मग हजार लिटरची टाकी, मग शेततळं किंवा गावातलं तळं, मग खाडी. उघड्या समुद्रात जायची या स्पर्धांसाठी गरजच नाही.

तळ्यासाठी ग्रामपंचायतीला किंवा नगर परिषदेला पत्र द्या. देवस्थानाचं तळं असेल तर विश्वस्तांनाही विचारा. खाडीसाठी मेरिटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकांना आणि सागरी पोलिसांना महाविद्यालयाच्या लेटरहेडवर कळवा: बोटीचं माप, वेग, जागा, तारीख, वेळ आणि जबाबदार प्राध्यापकांचा फोन. माणसाविना चाललेली कॅमेऱ्याची बोट किनाऱ्यावर बघून चौकशी होणं साहजिक आहे, म्हणून पत्राची प्रत जवळ असू द्या. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काही करू नका. तिवरं तोडून वाट करायची नाही, ती कायद्याने संरक्षित आहेत.

आणि सगळ्यात आधी मच्छीमार सोसायटीत जाऊन बोला. जाळी कुठे लावलेली असतात, गाळ कुठे साचलाय, प्रवाह कुठे ओढतो, हे तिथल्या तांडेलाइतकं कोणत्याही नकाशात मिळत नाही. त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा सोडून चाचणी ठेवा.

वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला आणि सावित्रीत महाडजवळ मगरी आहेत. तिथे बोट आणायला पाण्यात उतरायचं नाही. जेटीच्या खांबांना आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात. अनवाणी गेलात तर पाय फाटतो आणि हुल घासली तर फायबरग्लास उघडा पडतो.

१०. खाडीत कोणत्या दिवशी, किती वाजता जावं?

पूर्ण भरतीच्या आसपास, सकाळी. भरती पुरी झाली की प्रवाह थोडा वेळ थांबतो. मुखाशी हा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, आत थोडा वेगळा. नंतर सुकती लागली की पाणी बोटीला समुद्राकडे ओढतं आणि उधाणाच्या दिवसांत अरुंद मुखाशी प्रवाहाचा वेग तुमच्या बोटीच्या वेगाला गाठू शकतो. मीटर-दीड मीटर प्रति सेकंद चालणारी बोट मग पूर्ण जोर लावून जागेवरच उभी राहते.

दिवस काढायची आपल्याकडची जुनी रीत अजून कामाला येते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा; म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. भरती रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचाच हा हिशोब. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाहही मंद. दोन्ही जुळवलं तर दोन्ही पंधरवड्यांतल्या दशमी, एकादशी, द्वादशीच्या सकाळी तुम्हाला सोयीच्या वेळी भरती, सौम्य प्रवाह आणि शांत वारा एकत्र देतात. महिन्याला अशा सहा सकाळी. त्या परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवा. नेमक्या मिनिटांसाठी मात्र जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा. मुंबईचं कोष्टक मालवणला जसंच्या तसं लागू होत नाही, दक्षिणेकडे वेळही बदलते आणि चढउतारही कमी होत जाते.

वाऱ्याचं गणित शाळेतल्या भूगोलातलंच. पहाटे जमिनीकडून मतलई वारे, मंद. दुपारी खारे वारे जोर धरतात आणि अकरा-बारानंतर खाडीवर चुळचुळत्या लाटा येतात. दहापर्यंत बोट बाहेर काढायची या हिशोबानेच निघा.

११. जीपीएस बरोबर दाखवतं, तरी बोट भलत्याच दिशेला तोंड करते. का?

जीपीएस जागा सांगतं, तोंड कुठे आहे ते होकायंत्र सांगतं, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथे असतो. मोटरींच्या तारांतून जाणारा करंट चुंबकीय क्षेत्र तयार करतो. ओळखायची रीत: बोट तळ्यात दोन बाजूंनी दोरीने बांधा, मोटरी शून्यावरून पूर्ण जोरावर न्या आणि पडद्यावर दिशा किती हलते ते बघा. पाच अंशांच्या वर हलली तर होकायंत्र जागा बदलायला सांगतंय. त्याला मोटरींच्या तारांपासून निदान वीतभर वर दांडीवर बसवा आणि धन-ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. कॅलिब्रेशन जेटीवर करू नका, काँक्रीटच्या आत लोखंडी सळया असतात. खिशातला मोबाइलही लांब. पैसे असतील तर दोन अँटेनांचं जीपीएस दिशा थेट देतं, होकायंत्राची गरजच उरत नाही.

साधं जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे सांगतं. झेडईडी-एफ९पी सारखा आरटीके रिसीव्हर (जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणारं जीपीएस) ती दुरुस्ती मिळाल्यावर सेंटिमीटरांत येतो. पण बोयांच्या कामाला कॅमेरा असतोच. आरटीके नसेल म्हणून थांबू नका.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. कोकणाचे रेखांश ७३ अंशांच्या आसपास आहेत. ही संख्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये साठवली तर लगतच्या दोन आकड्यांत जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटरांचं अंतर पडतं. बोट मग पायऱ्या चढल्यासारखी उड्या मारते. डबल वापरा.

१२. बोट सरळ जातच नाही, नागमोडी जाते. पीआयडीचे (दिशेतली चूक सुधारणाऱ्या नियंत्रकाचे) आकडे सांगा.

दुसऱ्याच्या बोटीचे आकडे तुमच्या बोटीला बसत नाहीत, पण क्रम सांगता येतो. आधी प्रश्न ११ मधली होकायंत्राची चाचणी करा. दिशा चुकीची असेल तर ट्यूनिंगला अर्थ नाही.

आर्डुपायलट रोव्हर हे बोट चालवणारं तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर फ्रेम क्लास २, म्हणजे बोट. डाव्या मोटरीला सर्वो फंक्शन ७३, उजव्या मोटरीला ७४. किमान ११००, मध्य १५००, कमाल १९००. मग अॅक्रो मोडमध्ये वळण्याचा मागितलेला आणि प्रत्यक्ष वेग आलेखावर शेजारी बघत फक्त एफएफ (फीड-फॉरवर्ड) वाढवा, दोन्ही रेषा जवळ येईपर्यंत. पी आणि आय एफएफच्या पाचव्या हिश्श्यापासून सुरू करा. डी शून्य ठेवा. क्रूझचा वेग आणि क्रूझचा थ्रॉटल प्रत्यक्ष पाण्यात मोजून भरा. यानंतरच ऑटो मोड. सगळे आकडे एकदम बदलणाऱ्या संघाला काय सुधारलं आणि काय बिघडलं हे कधीच कळत नाही.

१३. कॅमेऱ्याने बोया ओळखायला किती फोटो लागतात?

हजार-दीड हजार वेगवेगळे फोटो पहिल्या मॉडेलला पुरतात. 'वेगवेगळे' महत्त्वाचं. एका चित्रफितीतल्या शेजारच्या चौकटी जवळपास एकच फोटो असतात. त्या शिकवायच्या आणि तपासायच्या संचात मिसळल्या तर अचूकता ९८ टक्के दिसते आणि खाडीत मॉडेल आंधळं होतं. म्हणून विभागणी दिवसांनुसार करा: सोमवारचे फोटो शिकवायला, गुरुवारचे तपासायला. सकाळचं तिरपं ऊन, ढगाळ दुपार, पाण्यावरची चकाकी, तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या, जाळ्यांचे थर्माकोलचे तरंग, सगळं संचात हवं. लेबल नसलेले, बोया नसलेले फोटोही दहाएक टक्के घाला.

अंतराचा हिशोब आधी करा. ७० अंश बघणाऱ्या, ६४० पिक्सेल रुंद चित्रात ३० सेंटिमीटरचा बोया २० मीटरवर फक्त आठ पिक्सेल दिसतो. तो ओळखता येत नाही. १२८० पिक्सेलांत तोच सोळा होतो, तेव्हा काम होतं. भिंगापुढे पोलरायझर लावला की चकाकी बरीच मरते.

१४. लायडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) घ्यावा का?

पहिल्या वर्षी नको. लायडारचे किरण शांत पाण्यावरून परतत नाहीत, बोयावरून परततात, म्हणून अंतर छान मिळतं, हे खरं. पण तो बोयाचा रंग सांगत नाही. आधी कॅमेरा नीट चालू द्या. घेतलातच तर पाण्याच्या पातळीपासून खूप उंच बसवू नका, बुटके बोये किरणांच्या दोन थरांमधून सुटतात.

१५. टेलिमेट्रीचा, म्हणजे बोटीची माहिती काठावर पाठवणारा रेडिओ कोणता? ऑनलाइन सगळीकडे ९१५ मिळतो.

भारतात ९१५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडे मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, शिवाय २.४ गिगाहर्ट्झ. ४३३ मध्ये मुभा असलेली शक्ती फारच कमी आहे. अमेरिकेत उलट: तिथे ९०२ ते ९२८ मोकळा, ८६८ नाही. म्हणून स्पर्धेला जाणाऱ्या संघाने एक तर सगळं २.४ वर ठेवावं किंवा रेडिओचे दोन संच बाळगावे आणि दुसरा संच तिथे गेल्यावरच सुरू करावा. बिनतारी किल स्विचलाही हेच लागू आहे, हे हमखास विसरलं जातं.

पाण्याच्या अगदी जवळ अँटेना असेल तर संकेत लवकर विरतो. बोटीवर निदान अर्धा मीटर आणि काठावर दोन मीटर उंच बांबूवर लावा. बांबूच, लोखंडी पाइप नको.

१६. लाल बोया डावीकडे ठेवायचा की उजवीकडे? दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत. समुद्रातून बंदरात शिरताना भारतात लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे; हा आयएएलएचा, म्हणजे बोयांच्या खुणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 'अ' विभाग. अमेरिका 'ब' विभागात येते आणि तिथे उलट. त्यामुळे जयगडच्या मार्गावर बघून लिहिलेला नियम फ्लोरिडात बोटीला उलटी फिरवू शकतो. प्रोग्रॅममध्ये बाजू कायमची कोरून ठेवू नका. एका सेटिंगमध्ये ठेवा, फेरीआधी नियमपुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून बघा, आणि आत जाताना व परत येताना ती बदलते का हेही तपासा.

१७. पावसाळ्यात काय करायचं? चार महिने वाया जातात.

जून ते सप्टेंबर खाडीत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे अडचण आली तर मदतीला होडीही नसते. पुराचं पाणी गढूळ, वेगवान आणि ओंडके घेऊन येणारं असतं. हा काळ सिम्युलेटर, हुलचं काम आणि टाकीतल्या मोटर-चाचण्यांसाठी ठेवा. फक्त दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो कोमट पाण्याने पुसून काचकागद मारा, नाहीतर थर सुटतात. रोबोबोट अलीकडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी हेच तुमचे खरे पाण्यातले महिने.

१८. आम्ही खाडीत सराव केला आणि स्पर्धा गोड्या पाण्यात आहे. काही बदलतं का?

बोट सुमारे अडीच टक्के जास्त बुडते. प्रश्न ५ मधल्या बोटीत हा फरक दोन मिलिमीटरच. मोटरींच्या जोरातही जाणवण्यासारखं काही नाही. बदलतं ते पार्श्वभूमीचं चित्र: आपल्या खाडीचं पाणी हिरवट-मातकट, तळ्याचं गडद निळं किंवा काळं, काठावर नारळीऐवजी इमारती आणि तंबू. रंगावर चालणारी ओळख तिथे फसते. तळ्यातले फोटो संचात आधीच घाला.

१९. बॅटऱ्या विमानाने नेता येतात का?

सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात, टोकं टेपने झाकून. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीच्या पूर्वपरवानगीने माणशी दोन. त्याच्या वर प्रवासी विमानात नाही. चार सेलची १० अँपिअर-तासांची बॅटरी १४.८ गुणिले १० म्हणजे १४८ वॅट-तास. ती बसते. १६ अँपिअर-तासांची २३७ होते, ती विमानतळावरच राहते. बोट आखतानाच बॅटऱ्या या मर्यादेत बसतील अशा निवडा आणि समांतर जोडा.

बोट परत आणायची असते, म्हणून कस्टमसाठी एटीए कार्नेट काढा. भारतात ते फिक्की देते. यादीत प्रत्येक सेन्सरचा अनुक्रमांक लिहा. व्हिसाच्या भेटीला महिने लागू शकतात, नोंदणी झाली त्याच आठवड्यात अर्ज करा.

२०. चाचणीत बोट हाताबाहेर गेली तर?

आधी किल. मग नजर बोटीवरून न काढणारा एक माणूस नेमा; पाण्यावर शंभर मीटर लांब गेलेली पांढरी बोट नजर हलली की परत सापडत नाही. म्हणून तिला भगवं निशाण आणि वर मोबाइल नंबर हवा. पोहत कोणीही जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. प्रत्येक खाडीतल्या चाचणीला लाइफ जॅकेट घातलेले दोघं आणि वल्ह्याची एक होडी आधीपासून पाण्यात असली पाहिजे. होडी मिळाली नाही तर त्या दिवशी बोट दोरीला बांधून चालवा: ५० मीटर तरंगणारी पॉलिप्रॉपिलिनची दोरी, मागच्या बाजूला मध्यावर बांधलेली, दोन्ही मोटरींच्या वरून. मोटर बंद केल्यावर बोट सुकतीबरोबर किती वेगाने वाहते ते पहिल्याच दिवशी मोजून ठेवा, म्हणजे होडी कुठे उभी करायची हे ठरवता येतं.